ई-कचऱ्यातील लोखंड आणि तांब्यापासून सांडपाणी शुद्ध करणारे कण कसे तयार करावेत

निकामी झालेला व्होल्टेज स्टॅबिलायझर, जुना जड अडॅप्टर किंवा वापराबाहेर गेलेला ध्वनिवर्धक उघडला की आत पातळ लोखंडी पट्ट्यांची चळत आणि तिच्यावर गुंडाळलेली तार असलेला ट्रान्सफॉर्मर सापडतो. संयुक्त राष्ट्रांच्या जागतिक ई-कचरा अहवालानुसार २०२२ या एका वर्षात जगात सुमारे ६ कोटी २० लाख टन ई-कचरा निर्माण झाला आणि त्यातील केवळ २२.३ टक्के कचऱ्याचे रीतसर संकलन व पुनर्चक्रीकरण झाल्याची नोंद आहे. या कचऱ्याचे निम्मे वजन धातूंचे असते व त्यात लोखंडाचा वाटा सर्वांत मोठा असतो. सोने-चांदीच्या मागे लागलेल्यांना या लोखंडात रस नसतो. पाण्यावर काम करणाऱ्याला मात्र नेमके तेच हवे असते. लोखंडाच्या बारीक कणांवर तांब्याचा अगदी विरळ लेप चढवला, तर ते कण कापडरंगाच्या सांडपाण्यातील रंग तोडतात आणि विषारी षट्संयुजी क्रोमियमचे त्याच्या कमी घातक, त्रिसंयुजी रूपात क्षपण करतात, म्हणजे त्याला इलेक्ट्रॉन देऊन त्या रूपात आणतात. असे १०० ग्रॅम कण तयार करण्याची, त्यांची परीक्षा घेण्याची आणि काम संपल्यावर त्यांची विल्हेवाट लावण्याची पद्धत पुढे दिली आहे.

सुरुवातीलाच दोन मर्यादा सांगणे आवश्यक आहे. हे काम महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत किंवा तशी सोय असलेल्या कार्यशाळेत, जाणकाराच्या देखरेखीखाली करण्याचे आहे; स्वयंपाकघरात करण्याचे नाही. दुसरे असे की या कणांतून गेलेले पाणी पिण्यासाठी नाही. सांडपाणी पुढच्या प्रक्रियेला देण्याआधीचा हा एक टप्पा आहे, आणि त्याला तेवढेच समजून वापरावे.

हे कण काम कसे करतात

लोखंड गंजते म्हणजे ते इलेक्ट्रॉन देऊन टाकते. एरवी हे इलेक्ट्रॉन हवेतील ऑक्सिजन घेतो. पाण्यात रंगाचा रेणू किंवा क्रोमेट (षट्संयुजी क्रोमियमचे पाण्यातील रूप) असेल, तर तेही ते घेऊ शकतात. म्हणजे आपल्याला हवा आहे तो गंजच, फक्त तो योग्य ठिकाणी आणि योग्य वेगाने व्हायला हवा. निव्वळ लोखंड हे काम करते, पण त्याच्या पृष्ठभागावर ऑक्साइडचा थर लवकर बसतो आणि वेग मंदावतो. लोखंडाला चिकटलेला तांब्याचा ठिपका धनाग्र-ऋणाग्राची एक सूक्ष्म जोडी तयार करतो: लोखंड विरघळत राहते आणि इलेक्ट्रॉन तांब्याच्या पृष्ठभागावरून बाहेर पडतात. लोखंडाचा प्रमाण विद्युतविभव उणे ०.४४ व्होल्ट आणि तांब्याचा अधिक ०.३४ व्होल्ट आहे. या दोहोंमधील ०.७८ व्होल्टचे अंतर लेप चढण्यालाही कारण होते आणि पुढे पाणी शुद्ध होण्यालाही हातभार लावते.

ही कल्पना प्रयोगशाळेपुरती राहिलेली नाही. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना राज्यात एलिझाबेथ सिटी येथे तटरक्षक दलाच्या तळावरील विद्युतविलेपन कारखान्यामुळे भूजलात क्रोमियम उतरले होते. तेथे १९९६ मध्ये जमिनीखाली ४६ मीटर लांब, ७.३ मीटर खोल आणि ०.६ मीटर रुंद अशी लोखंडी कणांची भिंत भरण्यात आली. भूजल आपल्या नैसर्गिक ओघाने त्या भिंतीतून जाते व जाता जाता त्यातील क्रोमियम आत अडकते. त्या भिंतीत तांबे नव्हते, साधे दाणेदार लोखंडच होते. तरीही पंधरा वर्षांनंतरच्या पाहणीत ती काम करताना आढळली.

कोणता धातू घ्यावा आणि कोणता टाळावा

संपूर्ण कामातील सर्वाधिक वेळ या टप्प्याला द्यावा. पाणी स्वच्छ करायला निघालेला पदार्थ स्वतःच शिसे किंवा निकेल सोडू लागला तर सगळा खटाटोप उलटा होतो, आणि तो दोष नंतर कितीही धुतले तरी जात नाही, कारण तो धातूच्या पोटात असतो. वेगळे करण्याच्या टेबलावर झालेली चूक आम्लाच्या भांड्यात दुरुस्त होत नाही, हे मी विद्यार्थ्यांना पहिल्या दिवशी सांगतो आणि तरीही दरवर्षी कोणीतरी पितळेचा एखादा तुकडा तांब्यात टाकतोच.

उपकरण वीजपुरवठ्यापासून तोडून निदान एक दिवस तसेच ठेवावे. कपॅसिटरमध्ये साठलेला भार हा या कामातील खरा धोका आहे: २३० व्होल्टच्या पुरवठ्यावर चालणाऱ्या एसएमपीएसमधील (संगणक वगैरेंतील हलक्या, स्विचिंग पद्धतीच्या वीजपुरवठा-पेटीतील) मोठ्या कपॅसिटरवर सुमारे ३२५ व्होल्टचा भार असतो आणि तो काही बिघाडांत बराच काळ टिकून राहतो. म्हणून नवख्याने एसएमपीएस उघडूच नये. तसाही त्याच्यात लोखंडी पट्ट्यांचा ट्रान्सफॉर्मर नसतो, फेराइटचा असतो, आणि फेराइट ही चिनी मातीसारखी ठिसूळ वस्तू असून तिच्यात मँगनीज, जस्त, काही प्रकारांत निकेलही असते. यूपीएस असेल तर त्यातील शिसे-आम्ल बॅटरी न उघडता अधिकृत पुनर्चक्रीकरण करणाऱ्याकडे द्यावी. मायक्रोवेव्ह ओव्हन, चित्रनळीचे दूरदर्शन संच, जुन्या सपाट पडद्यांमागील पारायुक्त दिवे आणि तेल भरलेले जुने कपॅसिटर किंवा ट्रान्सफॉर्मर यांना हात लावू नये. मुद्रित सर्किट बोर्ड ओळखायला सोपे आणि मोहात पाडणारे असतात, पण त्यांच्यावरील जुन्या डाखात शिसे व बोर्डाच्या पत्र्यात ब्रोमिनयुक्त ज्वालारोधक असतात. ते अखंड बाजूला काढून सुपूर्द करावेत.

लोखंडासाठी कोरड्या, म्हणजे तेल नसलेल्या, ट्रान्सफॉर्मरच्या पट्ट्या सर्वांत बऱ्या. इंग्रजी ‘ई’ आणि ‘आय’ या अक्षरांच्या आकाराच्या, साधारण अर्धा मिलिमीटर जाडीच्या या पट्ट्या सिलिकॉन मिसळलेल्या पोलादाच्या असतात. त्यात क्रोमियम किंवा निकेल मुद्दाम घातलेले नसते. पट्ट्या वार्निशने एकमेकींना चिकटलेल्या असतात. चळत धुण्याच्या सोड्याच्या गरम पाण्यात रात्रभर ठेवावी, मग जुन्या सुरीचे पाते सगळ्यांत वरच्या पट्टीखाली धरून हातोडीने हलकेच ठोकावे. पहिली पट्टी निघायला दहा मिनिटे लागतात, ती बहुधा वाकडी होऊन निघते, आणि ती निघाली की उरलेल्या पत्त्यांसारख्या सुटतात. चळतीच्या कडेला वेल्डिंगची बारीक रेघ असेल तर ती करवतीने कापावी लागते. तेवढे कष्ट नको असतील तर दुसरा ट्रान्सफॉर्मर घ्यावा.

संगणकाच्या कॅबिनेटचा पत्राही लोखंडाचाच असतो, मग तो का नको, असा प्रश्न येतो. त्याच्यावर जस्ताचा मुलामा असतो. जस्त लोखंडापेक्षाही लवकर इलेक्ट्रॉन देते, त्यामुळे लेपासाठी वापरायच्या मोरचुदाच्या (कॉपर सल्फेटच्या) द्रावणातील तांबे आधी जस्ताशी विस्थापित होऊन काळ्या भुकटीच्या रूपात खाली पडते आणि लोखंड लेपाविनाच राहते. माझी पहिली खेप अशीच वाया गेली होती. पत्रा वापरायचाच असेल तर विरल आम्लात बुडबुड्यांचा जोर ओसरेपर्यंत ठेवून जस्त आधी काढून टाकावे लागते. तो तापवून किंवा जाळून जस्त उडवण्याचा प्रयत्न कधीही करू नये. जस्ताच्या धुराने ताप येतो. चकचकीत, न गंजणाऱ्या पोलादाचे भाग, जसे काही स्क्रू व पट्ट्या, सरळ बाजूला काढावेत.

तांब्याची गरज अगदी थोडी आहे: १०० ग्रॅम लोखंडासाठी १ ग्रॅम. ट्रान्सफॉर्मरवरील तारेला इनॅमलचा लेप असतो आणि तो खरवडण्यात वेळ जातो, म्हणून उपकरणाच्या वीजदोरीतील बारीक तारांचा झुपका घ्यावा. त्यावरील प्लॅस्टिकचे आवरण सुरीने किंवा वायर सोलण्याच्या पक्कडीने काढावे. आवरण जाळून तार काढण्याची सर्रास दिसणारी पद्धत सर्वांत वाईट: पीव्हीसीमधील क्लोरीन आणि उत्प्रेरकाचे काम करणारे तांबे यांच्या संगतीने जळताना डायॉक्सिन तयार होतात. तारेबाबत तीन फसगती संभवतात. तार रुपेरी असेल तर तिच्यावर कथिलाचा, जुन्या मालात कथिल-शिशाचा मुलामा असतो. ती घेऊ नये. तार बाहेरून तांबूस पण कापल्यावर टोकाला पांढरी दिसली, तर ती तांबे चढवलेले ॲल्युमिनियम आहे. अशी तार हाताला विलक्षण हलकी लागते, कारण तांब्याची घनता ८.९६ तर ॲल्युमिनियमची २.७ आहे. आणि प्लगच्या पिना, कनेक्टर यांचे पिवळट पितळ तांब्यात मिसळू नये. कातकामाला सोपे जावे म्हणून अशा पितळेत अनेकदा शिसे घातलेले असते.

लोखंडाचा कीस

सुट्या केलेल्या पट्ट्या धुण्याचा सोडा आणि भांडी घासण्याचा साबण घातलेल्या गरम पाण्यात घासून वार्निश व तेलकटपणा काढावा. वाळल्यावर वीस-पंचवीस पट्ट्या पुन्हा एकत्र धरून शेगड्यात, म्हणजे बाकावरच्या व्हाइसमध्ये, घट्ट आवळाव्यात आणि कडेवर भरड कानस चालवावी. एकेक पट्टी कानशीने घासणे हे व्यर्थ श्रम आहेत. ती थरथरते आणि कीस निघण्याऐवजी आवाजच निघतो. ग्राइंडर वापरला तर काम झपाट्याने होते, परंतु ठिणग्यांबरोबर लोखंड जळून ऑक्साइड होते व चाकाची भुकटी मिसळते. कमी वेगाने फिरणाऱ्या ड्रिलने पट्ट्यांच्या चळतीला भोके पाडून निघालेला कीस मात्र चालतो. कोणत्याही पद्धतीत डोळ्यांवर चष्मा, हातात जाड मोजे आणि नाका-तोंडावर धुळीचा मास्क असावा.

कीस कागदावर पसरून कागदाच्या खालून चुंबक फिरवावे व कागद तिरपा करून न चिकटलेले सारे झटकून टाकावे. त्यानंतर दोन चाळण्यांतून चाळून पाव ते १ मिलिमीटरदरम्यानचे कण ठेवावेत. त्याहून बारीक भुकटी प्रतिक्रियेला जलद असली तरी ती पाण्याबरोबर वाहून जाते, स्तंभ (कण भरलेली नळी) तुंबवते, आणि कोरडी असताना ठिणगीने पेट घेऊ शकते. हाताने १०० ग्रॅम कीस काढायला धीर लागतो. दोघा-तिघांनी आळीपाळीने केलेले बरे.

तांब्याचे द्रावण

बाजारातला तयार मोरचूद विरघळवून हेच द्रावण दोन मिनिटांत होईल, हे खरे. ३.९३ ग्रॅम मोरचुदात १ ग्रॅम तांबे असते. पण टाकाऊ तारेतील तांबे वापरणे हाच येथे उद्देश असल्याने ते तारेतूनच काढू.

तांबे नुसत्या विरल सल्फ्युरिक आम्लात विरघळत नाही. त्याला ऑक्सिडीकारकाची जोड लागते. चंचुपात्रात १० टक्के सल्फ्युरिक आम्ल २० मिलिलिटर घ्यावे. ते आधी विरल करायचे असेल तर आम्ल सावकाश पाण्यात ओतावे. पाणी आम्लात कधीही ओतू नये. त्यात सोललेल्या तारांचे बारीक तुकडे, नेमके १ ग्रॅम, टाकावेत आणि औषधाच्या दुकानात मिळणारे ३ टक्क्यांचे हायड्रोजन पेरॉक्साइड ५-५ मिलिलिटर करून, दहा-पंधरा मिनिटांच्या अंतराने घालत जावे. हिशेबाने १८ मिलिलिटर पुरायला हवे, पण विरघळलेले तांबेच पेरॉक्साइडचे विघटन घडवून आणते, म्हणून प्रत्यक्षात ४० मिलिलिटरच्या आसपास लागते. तारांभोवती सूक्ष्म बुडबुडे दिसू लागतात, मग द्रावणाला फिकट आकाशी छटा येते आणि काही तासांत ती गडद निळी होते. भांड्याला घट्ट झाकण लावू नये, कारण आत ऑक्सिजन साठतो. अधिक तीव्र पेरॉक्साइड किंवा तीव्र आम्ल वापरून वेळ वाचवण्याचा मोह टाळावा, आणि या मिश्रणाजवळ ॲसिटोन किंवा स्पिरिट आणू नये.

तारा पूर्ण विरघळल्या की द्रावण मंद आचेवर, खेळत्या हवेत, बुडबुडे थांबेपर्यंत तापवावे. उरलेले पेरॉक्साइड गेले नाही तर ते पुढे लोखंडच खाते. थंड झाल्यावर गाळणकागदातून गाळून ऊर्ध्वपातित पाण्याने ५०० मिलिलिटर करावे. शेवटी धुण्याच्या सोड्याचे पातळ द्रावण थेंबाथेंबाने घालून सामू (पीएच, म्हणजे आम्लतेचे माप) ३ ते ४ दरम्यान आणावा. सोडा जास्त झाला तर हिरवट-निळा गढूळपणा येतो. तसे झाल्यास आम्लाचा एखादा थेंब घालताच तो निवळतो.

लेप चढवणे

या टप्प्यात वेळ गमावता येत नाही, म्हणून सारे साहित्य हाताशी मांडून मग सुरुवात करावी. १०० ग्रॅम कीस प्लॅस्टिकच्या बादलीत घेऊन त्यावर २ टक्के हायड्रोक्लोरिक आम्ल ओतावे. सुरुवातीला काही कणांवरून बुडबुडे येतात, काही नुसते पडून असतात. पाचेक मिनिटांत सगळीकडून सारखे बुडबुडे येऊ लागले की ऑक्साइडचा थर गेला असे समजावे. हे बुडबुडे हायड्रोजनचे आहेत. जवळपास ज्योत नसावी.

आम्ल ओतून टाकावे, कीस तीन वेळा पाण्याने विसळावा आणि तो ओला असतानाच तांब्याचे द्रावण त्यावर ओतून काचेच्या दांडीने ढवळत राहावे. करडे कण आधी काळपट व मग विटकरी होतात, वरच्या पाण्यातील निळा रंग डोळ्यांदेखत उडत जातो आणि त्याच्या जागी अगदी फिकट हिरवी झाक उरते. दहा मिनिटे ढवळणे पुरते. तांबे खरोखर संपले का, हे पाहण्यासाठी वरचे ५ मिलिलिटर पाणी परीक्षानळीत घेऊन त्यात अमोनियाचे द्रावण घालावे: लोखंडामुळे मळकट हिरवा साका पडतो, तो गाळून टाकल्यावर खालचे पाणी रंगहीन असेल तर तांबे उरलेले नाही, निळे असेल तर आणखी ढवळावे.

येथे १ ग्रॅम तांबे बसताना सुमारे ०.८८ ग्रॅम लोखंड विरघळलेले असते, म्हणजे उरलेले फिकट हिरवे पाणी हे हिराकशीचे (फेरस सल्फेटचे) विरल द्रावण आहे. ते फेकू नये. पुढे उपयोगी पडते.

कण उकळून थंड केलेल्या पाण्याने तीन वेळा धुवावेत आणि शक्यतो त्याच दिवशी वापरावेत. ठेवायचेच असतील तर शेवटचे विसळणे स्पिरिटने करून ताटात पातळ थराने, आगीपासून दूर, वाळवावेत व हवाबंद बरणीत भरावेत. ओलसर कणांचा ढीग करून ठेवू नये; तो हवेत गंजताना आतून तापतो. तांबे १ टक्क्याऐवजी ५ टक्के घालून पाहण्यास हरकत नाही, तुलना उद्बोधक ठरते. मात्र लेप दाट होत गेला की खालचे लोखंड झाकले जाते आणि विरघळायला जागाच उरत नाही, तेव्हा अधिक तांबे म्हणजे अधिक काम असे गृहीत धरू नये.

रंगाच्या पाण्यावर परीक्षा

षट्संयुजी क्रोमियम कर्करोगकारक आहे, त्यामुळे सरावासाठी ते घेऊ नये. प्रयोगशाळेत असणारे मिथिल ऑरेंज हे ॲझो वर्गातील (नायट्रोजनच्या दोन अणूंमधील दुहेरी बंध असलेले) रंगद्रव्य यासाठी सोयीचे आहे. दर लिटरला २० मिलिग्रॅम या प्रमाणात त्याचे द्रावण करून सामू ४ च्या जवळ आणावा आणि तीन बाटल्यांत २५०-२५० मिलिलिटर घ्यावे. पहिलीत काहीही घालू नये, दुसरीत १० ग्रॅम साधा धुतलेला कीस, तिसरीत १० ग्रॅम लेपित कण घालावेत. बाटल्या सैल झाकणाने ठेवून अधूनमधून हलवाव्यात आणि ५, १५, ३० व ६० मिनिटांनी प्रत्येकीतून ५ मिलिलिटर नमुना काढावा.

येथे एक सापळा आहे. मिथिल ऑरेंज हा मुळात सामूचा दर्शक आहे: ३.१ च्या खाली तो लाल, ४.४ च्या वर पिवळा. लोखंड गंजताना पाण्याचा सामू वाढतो, त्यामुळे काहीही तुटले नसताना द्रावण नारिंगीचे पिवळे होते आणि पाहणाऱ्याला वाटते रंग चालला. म्हणून प्रत्येक नमुन्यात, पहिल्या बाटलीच्या नमुन्यातही, चिमूटभर खाण्याचा सोडा घालून सारे पिवळ्या रूपात आणावेत, गाळावेत आणि मगच तुलना करावी. वर्णमापी यंत्र असेल तर ४६४ नॅनोमीटरच्या आसपास वाचन घ्यावे. नसेल तर मूळ द्रावण निम्मे, पाव आणि एक अष्टमांश असे पातळ करून त्याच जाडीच्या परीक्षानळ्यांत भरावे आणि पांढऱ्या कागदापुढे नमुना कोणाशी जुळतो ते पाहावे.

दुसरी शंका अशी की रंग तुटला की नुसता कणांना चिकटला? तासाभरानंतरचे कण काढून थोड्या स्पिरिटमध्ये हलवावेत. स्पिरिटला पिवळा रंग आला तर काही भाग केवळ चिकटला होता.

आणि पाणी रंगहीन झाले तरी काम संपलेले नसते. ॲझो बंध तुटला की मिथिल ऑरेंजपासून सल्फॅनिलिक आम्ल आणि एक ॲरोमॅटिक अमाइन तयार होते. दोन्ही डोळ्यांना दिसत नाहीत, पण अमाइनांना निरुपद्रवी म्हणता येत नाही. मघा राखून ठेवलेले हिराकशीचे पाणी येथे कामी येते. कणांवरून काढून घेतलेल्या २५० मिलिलिटर पाण्याचा सामू आम्लाच्या थेंबांनी ३ वर आणावा, त्यात हिराकशीचे काही मिलिलिटर पाणी व ३ टक्के पेरॉक्साइडचे २ मिलिलिटर घालून तासभर ठेवावे. लोखंड आणि पेरॉक्साइडच्या या जोडीची ऑक्सिडीकरणक्षमता एच. जे. एच. फेंटन यांनी १८९४ मध्ये नोंदवली, म्हणून तिला फेंटनची प्रक्रिया म्हणतात; तिच्यातून निघणारे हायड्रॉक्सिल मूलक अमाइनांचेही तुकडे करतात. त्यानंतर चुन्याची निवळी घालून सामू ८ ते ८.५ करावा आणि हवा फुंकावी. तपकिरी लोह हायड्रॉक्साइडचा साका बसताना विरघळलेले लोखंड व सुटलेले तांबे आपल्याबरोबर खाली नेतो. वरचे पाणी वाळूतून गाळून घ्यावे.

सतत वाहत्या पाण्यासाठी स्तंभ

बाटलीत जमले की अडीच सेंटिमीटर आतील व्यासाच्या नळीत ४० सेंटिमीटर उंचीचा थर भरून पाहावा. त्याचे आकारमान सुमारे २०० मिलिलिटर होते, आणि मिनिटाला ५ मिलिलिटर पाणी सोडले तर रिकाम्या नळीच्या हिशेबाने ४० मिनिटांचा संपर्क मिळतो; कणांनी जागा व्यापल्यामुळे प्रत्यक्ष संपर्क त्याहून कमी असतो. निव्वळ कण भरले तर गंजाने त्यांचा दगड बनतो, म्हणून तेवढीच धुतलेली वाळू मिसळावी. पाणी खालून वर न्यावे, म्हणजे हायड्रोजनचे बुडबुडे अडकून न राहता निघून जातात. वरचे तोंड उघडे ठेवावे. पाण्यात गढूळपणा असेल तर स्तंभाआधी साधी गाळणी हवीच. कार्बोनेट आणि सिलिका जास्त असलेल्या पाण्यात कणांवर पुटे लवकर चढतात. बाहेर पडणाऱ्या पाण्यात रंग पुन्हा दिसू लागला की विरल आम्लाने एकदा धुऊन पाहावे, आणि तरी फरक पडला नाही तर थर बदलावा.

क्रोमियमच्या सांडपाण्यासाठी सुसज्ज प्रयोगशाळेत हाच स्तंभ वापरता येतो. १ ग्रॅम षट्संयुजी क्रोमियमचे क्षपण करायला हिशेबाने सुमारे १.६ ग्रॅम लोखंड लागते, परंतु तयार होणारे क्रोमियम-लोह हायड्रॉक्साइड कणांवरच बसत असल्याने प्रत्यक्ष खर्च त्याहून बराच अधिक असतो.

गळतीची चाचणी आणि विल्हेवाट

कोणतीही खेप वापरात आणण्यापूर्वी १० ग्रॅम कण २५० मिलिलिटर स्वच्छ पाण्यात २४ तास ठेवून ते पाणी धातूंच्या विश्लेषणासाठी पाठवावे. लोखंड आणि तांब्याबरोबर शिसे, कॅडमियम, निकेल आणि जस्त यांचीही मागणी करावी, कारण वेगळे करताना झालेली चूक याच चार आकड्यांत उघडी पडते. जागतिक आरोग्य संघटनेची पिण्याच्या पाण्याची मार्गदर्शक मूल्ये दर लिटरला शिशासाठी ०.०१, कॅडमियमसाठी ०.००३, निकेलसाठी ०.०७ आणि तांब्यासाठी २ मिलिग्रॅम अशी आहेत. आपले पाणी पिण्याचे नसले तरी तुलनेसाठी हे आकडे जवळ असावेत. तांब्याच्या बाबतीत मात्र २ मिलिग्रॅमवर समाधान मानू नये: मासे आणि शेवाळ यांना माणसापेक्षा कितीतरी कमी तांबे बाधते, म्हणून जे पाणी ओढ्यात किंवा तळ्यात जाणार असेल त्याला चुन्याचा आणि वाळूचा टप्पा टाळता येत नाही. शिसे आढळले तर ती संपूर्ण खेप बाद करावी.

रंगावर वापरलेले कण व तपकिरी साका वाळवून, नाव व तारीख लिहिलेल्या बंद डब्यात धातूंचे पुनर्चक्रीकरण करणाऱ्याकडे द्यावा. क्रोमियमवर वापरलेला थर आणि त्याचा साका घातक कचरा म्हणूनच हाताळावा, त्यात दुसरे काहीही मिसळू नये. त्या डब्यात आम्ल किंवा ब्लीच पडले तर अडकलेले क्रोमियम पुन्हा पाण्यात उतरू शकते, म्हणून डब्यावर तसे ठळक लिहावे आणि तो प्रयोगशाळेच्या रसायनांच्या कपाटात न ठेवता वेगळ्या जागी कुलुपात ठेवावा.